साहेबरावाचा हात

साहेबराव ओव्हाळ गप्प बसलेला दिसला तर समजावं, की गडी झोपलाय. आणि झोपेतसुद्धा त्याचे हात चालूच असतात, असं त्याची बायको कस्तुरा शपथेवर सांगायची. पिंपरीतल्या एका मोटारीच्या कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, तो खलाशी होता. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. इथं समुद्र नाही आणि बोटही नाही. दहा-दहा टनांचे लोखंडी साचे क्रेनला अडकवायचे आणि खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या, एवढं हे काम. एवढं म्हणजे काही थोडं नव्हे बरं का! एक खूण चुकली तर साचा कुणाच्या तरी पायावर यायचा.

वर, तीस फुटांवरच्या केबिनमध्ये सदाशिव पिंगळे बसायचा. आकुर्डीचा, अंगानं आडवा, बोलायला कंजूष. प्रेसच्या दणदणाटात त्याला खालचं अक्षर ऐकू येत नसे. म्हणून नियम असा होता, की क्रेनवाल्यानं फक्त आपल्या खलाशाचा हात बघायचा. बोट वर करून गोल फिरवलं, की उचल. तळवा जमिनीकडे करून हात खाली नेला, की सोड, आणि हात जेवढा सावकाश उतरेल तेवढंच सावकाश सोड. मूठ आवळली, की थांब. मग फोरमन ओरडो, मॅनेजर नाचो, सदानं तिकडं ढुंकून बघायचं नाही. नऊ वर्षं हे असं चाललं होतं आणि नऊ वर्षांत कुणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता.

पण हातानं बोलायची सवय लागली की ती काय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी जाता येते थोडीच? साहेबराव कँटीनमध्ये दोन बोटं दाखवून दोन कप चहा मागवायचा, दापोडीच्या स्टेशनवर अनोळखी माणसालाही हातानं 'सरक' म्हणायचा, आणि एकदा बारशाला पाळण्याजवळ उभं राहून त्यानं 'सावकाश, सावकाश' अशी तळव्याची खूण केली होती. त्याच्या तोंडाचं तर विचारूच नका.

आणि या माणसाला वेड होतं नाटकाचं.

कंपनीचं एक नाट्यमंडळ होतं. दरवर्षी ते कामगारांच्या स्पर्धेत एकांकिका करायचं. लिहायचे आणि बसवायचे ड्रॉइंग ऑफिसमधले हरिहर जोगळेकर. किडकिडीत बांधा, कानावर कायम पेन्सिल, आणि नाकावर राग. मंडळात साहेबराव सात वर्षं होता, पण कुठं? तर अंधार झाला की बाक आत नेऊन ठेवायचा, पुन्हा अंधार झाला की बाहेर आणायचा. पडदा सदाकडे असायचा. मेंटेनन्सवाल्यांनी कप्प्या लावून वर-खाली होणारा मरून रंगाचा पडदा करून दिला होता, आणि दोर ओढायला सदासारखा जड माणूस लागायचा. बाक जागेवर बसला की साहेबराव विंगेतून बोट फिरवायचा आणि सदा पडदा उचलायचा. नाटक सुरू! पुढचं सगळं साहेबरावानं विंगेतून बघायचं. बघता बघता सगळ्यांचे संवाद त्याला पाठ व्हायचे, आणि तो उभ्या उभ्या ओठातल्या ओठात ते म्हणत राहायचा.

त्र्याहत्तर साली जोगळेकरांनी नवीन एकांकिका लिहिली. घरातल्या म्हाताऱ्याला लकवा झालाय. वाचा गेलीय, हात-पाय गेलेत, फक्त डोळे शाबूत. त्याला मधोमध खुर्चीत बसवलंय आणि दोन मुलं नि एक सून त्याच्या डोक्यावरून भांडतायत, की ह्याला सांभाळायचं कुणी. पन्नास मिनिटं भांडण. अगदी शेवटी म्हाताऱ्याचा उजवा हात वीतभर वर उठतो आणि पडदा.

थोरला मुलगा करणार टाइम ऑफिसमधला सुरेंद्र. तो देखणा होता आणि ते त्याला माहीत होतं. सून करायला टायपिस्ट पद्मजा. धाकटा मुलगाही ठरला. म्हाताऱ्याच्या नावावर मात्र सगळे खाली मान घालून बसले. एक शब्द नाही, एक पाऊल चालायचं नाही. अशी भूमिका कोण घेणार? घरी काय सांगणार, की मी खुर्चीत बसलो होतो?

"म्या करतो," साहेबराव म्हणाला. चहाची किटली त्याच्या हातातच होती.

हशा असा पिकला, की कँटीनमधली भांडी वाजली. "साहेबराव," जोगळेकर डोळे पुसत म्हणाले, "अहो, म्हातारा मुका आहे. आणि हलत नाही. तुम्हांला या दोन गोष्टी एका वेळी जमतील?"

"जमतील की."

"हे सांगताना तुमचे दोन्ही हात हवेत आहेत."

साहेबरावानं हात खाली घेतले. त्याचं तोंड बघून जोगळेकरांना काय वाटलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "दहा दिवस देतो. दहाव्या दिवशी बोट जरी हललं ना, तर खुर्चीत गव्हाचं पोतं ठेवीन आणि त्याला शाल पांघरीन. मग तुम्ही आपले बाकाकडे." साहेबरावानं मान हलवली, आणि मग मान हलवल्याबद्दल स्वतःचीच जीभ चावली.

पहिल्या तालमीला जे झालं ते कारखान्यात महिनाभर लोक सांगत होते. पाचव्या मिनिटाला त्याच्या नाकावर माशी बसली. त्यानं हात उचलून ती हाकलली आणि हात खाली आणला. तळवा जमिनीकडे. विंगेतल्या सदाला काय, हात दिसला. त्यानं दोर सोडला. पडद्याची लाकडी दांडी पद्मजाच्या खांद्याला घासून धाडकन खाली आली आणि सुरेंद्र पडद्याच्या बाहेर एकटाच राहिला, हातवारे करत.

"कुणी सोडला पडदा?" जोगळेकर किंचाळले.

"मी," सदा म्हणाला. "हात खाली आला. सोडला."

"अहो, ते नाटक आहे!"

"आसंल. पर हात त्योच हाय."

जोगळेकरांनी त्याला बजावलं, की पडदा माझ्या खुणेवर पडेल. सदानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याच्या त्या चेहऱ्याचा अर्थ फक्त साहेबरावाला कळायचा. झालं! आता साहेबरावाच्या मागे दुहेरी लचांड लागलं. हात हलला की नुसती भूमिका जाणार नव्हती, नाटकच संपणार होतं.

मग त्यानं मनाला दगड केला. खरोखर दगडच. दात आवळले, बोटं खुर्चीच्या हातांवर दाबून धरली, समोरच्या भिंतीवरच्या एका डागाकडे बघत बसला. माश्या आल्या, गेल्या. चार दिवस तो हलला नाही. पाचव्या दिवशी तालीम संपल्यावर तो मोठ्या ऐटीत जोगळेकरांपुढे उभा राहिला.

"हललो का?"

"नाही," जोगळेकर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता आणि म्हणूनच साहेबरावाची ऐट उतरली. "हलत नाही तुम्ही, खरं आहे. पण साहेबराव, आत कुणी आहे असंही वाटत नाही. घराला कुलूप लावून माणसं गावाला गेलीत, असं वाटतं. मग पोतं काय वाईट?"

त्या दिवशी तो दापोडीला उतरून घरी आला तो पाय ओढत. कस्तुरानं भाकरी वाढली. "काय झालं?" तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, हात न हलवता सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे तिला कळलं.

"मग हितंच बसा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. आर्धा तास. म्या निवडायला बसते. तुमी म्हातारं. बगू."

तो भिंतीशी खुर्चीत बसला. कस्तुरा समोर सुपात तांदूळ घेऊन. तिनं दोन-चार खडे वेचले. मग बोलायला लागली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत तिचं एक वाक्य पुरं होईपर्यंत साहेबराव कधी थांबला नव्हता. आज थांबणं भाग होतं.

"सात वर्सं झाली," ती म्हणाली, "दरसाल गल्लीतल्या बाया घिऊन येते म्या नाटकाला. त्या इचारत्यात, तुजं मालक कुठं हायेत? आन् म्या अंधारात बोट दाखवते. त्ये बगा, बाक उचलत्यात." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "बाकाची लाज न्हाई मला. बाक कुनी तरी उचललाच पायजे. पर एकदा म्या पानी द्याया मागं आले हुते. तुमी इंगेत हुबं. पुढं त्यो सुरेंद्र बोलत हुता आन् तुमी हितं ओठ हलवत हुता. त्याच्या आदी. त्याच्यापक्षी चांगलं. तवा म्या पानी न देताच मागं फिरले. घरी यिऊन रडले. तुमाला सांगितलं न्हाई."

साहेबरावाच्या छातीत असं काही उसळलं, की बस्स. त्याला सांगायचं होतं, की अगं वेडे, मला का नाही सांगितलंस? उठावं, तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवावं. उजवा हात आतून निघालाच होता. खांद्यापर्यंत आला, कोपरापर्यंत आला, आणि त्यानं तो तिथं धरला. अर्धा तास व्हायचा होता. शब्द गळ्याशी आला होता, तोही धरला. कानशिलं तापली, डोळे भरून आले, आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? खुर्चीत बसलेला माणूस. बोटसुद्धा न हललेला.

आणि त्याच वेळी त्याला हे कुठं बघितलंय ते आठवलं. रोज तर बघत होतो की! सदा क्रेन चालू करतो, साखळ्या ताणतात, कडकड वाजतात, सगळा जोर आलेला असतो, पण साचा अजून जमिनीवरच असतो. केसभरही उठलेला नसतो. त्या क्षणाला शॉपमधला प्रत्येक माणूस श्वास रोखून बघतो. साचा नुसता पडून असतो तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं? साहेबराव चार दिवस नुसता पडून होता. म्हाताऱ्याला हलायचं नव्हतं थोडंच! त्याला उठायचं होतं, बोलायचं होतं, पोरांच्या कानाखाली द्यायची होती. सगळा जोर आलेला होता आणि उचललं जात नव्हतं.

अर्धा तास झाल्यावर कस्तुरानं वर बघितलं. "अगं बया," ती म्हणाली, "काय हुतंय तुमाला? डाक्टरला बोलवू का?"

"गावलं!" साहेबराव ओरडला आणि त्यानं दोन्ही हात असे उडवले, की सुपातले तांदूळ घरभर झाले. मग दोघं कंदिलाच्या उजेडात तांदूळ वेचत बसली, आणि त्या रात्री तिचं राहिलेलं सगळं बोलणं त्यानं मध्ये न बोलता ऐकलं. निदान बरंचसं.

दहाव्या दिवशी जोगळेकरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि काही न लिहिता परत ठेवली. "पोतं नको," एवढंच ते म्हणाले.

स्पर्धेचा प्रयोग रविवारी दुपारी होता, कामगारांच्या सभागृहात. पहिल्या रांगेत तीन परीक्षक वह्या उघडून बसलेले. मागे सगळं प्रेस शॉप. डावीकडे कस्तुरा आणि तिच्या गल्लीतल्या अकरा बाया, सुभद्राबाई सगळ्यांत पुढं, डब्यात चिवडा घेऊन. कस्तुरानं या वेळी कुणाला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? शेवटच्या घटकेला खुर्चीत पोतं असलं तर?

पडदा उठला. पहिली पस्तीस मिनिटं नाटक लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं. आणि मग सुरेंद्रचं मोठं भाषण आलं. "मी या घरासाठी काय नाही केलं," इथपर्यंत तो आला आणि थांबला. पुढचं आठवेना. कपाळावर घाम. पद्मजानं तिचं वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. धाकट्या मुलानं घसा खाकरला. उजव्या विंगेतून जोगळेकर कुजबुजून कुजबुजून निळे पडले, पण सुरेंद्रच्या कानात नुसता गोंगाट चालला होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं. एक मिनिट गेलं असेल. रंगमंचावर एक मिनिट म्हणजे काय असतं, ते ज्याच्यावर गुदरलं त्यालाच विचारा.

जोगळेकरांनी आशा सोडली. समोरच्या विंगेतल्या सदाला त्यांनी दोन्ही हातांनी खूण केली. सोड पडदा. सोड! साहेबरावाला डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते हात दिसले. सात वर्षं बाक उचलून मिळालेलं नाटक त्या हातांच्या टोकाला लटकत होतं. मूठ आवळून 'थांब' म्हणावं, असं त्याला फार फार वाटलं. सदानं ऐकलं असतं. पण हलायचं नव्हतं. म्हाताऱ्यालाही मुलांना थांब म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. साहेबरावानं ते सगळं, स्वतःचं आणि म्हाताऱ्याचं, खांद्यातून कोपरात आणलं आणि तिथं धरलं. मान ताणली गेली. डोळे सुरेंद्रवर गेले आणि तिथून हलले नाहीत.

सदानं जोगळेकरांकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या हाताकडे पाहिलं. तो हात हलला नव्हता. त्यानं दोर घट्ट धरून ठेवला.

सभागृहात चिवड्याचा आवाज बंद झाला. लोक पुढं सरकून म्हाताऱ्याकडे बघायला लागले. भाषण अडलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सगळ्यांना वाटलं, मुलाला बापाच्या डोळ्यांत काहीतरी दिसलंय, म्हणून तो थांबलाय. आणि आता खरोखरच सुरेंद्रला ते दिसलं. तो बघतच राहिला. मग तो खुर्चीजवळ आला, गुडघ्यांवर बसला, आणि नाटकात कुठंही नसलेलं एक वाक्य अगदी साध्या आवाजात बोलला.

"बाबा, तुम्हांला काय हवंय?"

पस्तीस मिनिटं म्हाताऱ्याबद्दल सगळे बोलले होते. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

साहेबरावाचा उजवा हात उठला. उठवला नाही त्यानं, तो उठला. वीतभर वर आला, सुरेंद्रच्या डोक्यापर्यंत पोचला. क्षणभर तिथं राहिला. मग तळवा खाली करून हळूहळू, फार हळूहळू, त्याच्या केसांवर उतरायला लागला.

आणि सदाचा दोर सुटला. साहेबरावाच्या हाताच्या वेगानं, बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. दहा टनांचा साचा मशीनवर ठेवताना कपातला चहा हलू नये, तसा तो पडदा उतरत आला. तळवा केसांवर टेकला, तेव्हाच दांडी जमिनीला टेकली. आवाज झाला नाही.

मग टाळ्या. छपराचे पत्रे वाजले म्हणा ना!

जोगळेकर आत धावत आले. "चार पानं!" ते ओरडत होते. "चार पानं खाल्लीत माझी! अजून भांडण संपायचं होतं!" मग ते खुर्चीपाशी आले, साहेबरावाकडे पाहिलं, आणि तिथंच फळ्यांवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सुरेंद्रला विचारलं, "तो प्रश्न काय होता? पुन्हा सांग, लिहून घेतो."

"मला खरंच कळेना, यांना काय हवंय ते," सुरेंद्र म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि देखणेपणाकडे त्याचं लक्ष नव्हतं.

निकाल नंतर लागला. दुसरा नंबर आला. एका परीक्षकानं वहीत शेरा लिहिला होता, की लकवा झालेल्या माणसाला खरोखर मंचावर आणून बसवणं माणुसकीला धरून नाही. जोगळेकरांनी तो शेरा नोटीस बोर्डावर लावला.

पण ते पुढचं. पडदा पडल्यावर कस्तुरा बायांना घेऊन मागं आली, तेव्हा सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि तोंडानं तक्रार करत होत्या. "नाटक लई ग्वाड हुतं गं. त्या म्हाताऱ्यानं लई रडिवलं. देवा, त्याचं घरचं तरी बरं बगत आसतील का? पर कस्तुरा, तुजं मालक कुठं हुतं? औंदा बाक उचलायलाबी दिसलं न्हाईत!"

कस्तुरानं फक्त बोट दाखवलं. सुभद्राबाईंनी खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, कस्तुराकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे पाहिलं, आणि त्यांच्या हातातला चिवड्याचा डबा खाली पडला.

साहेबराव अजून खुर्चीतच होता. त्याला उठून हसायचं होतं, सुभद्राबाईंना रामराम घालायचा होता, कस्तुराला तर हजार गोष्टी सांगायच्या होत्या. पण पाऊण तास एका जागी बसून कमरेखालचं सगळं बधिर झालं होतं. पाय जागचे हलेनात.

"उठा की आता," कस्तुरा म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "संपलं नाटक."

साहेबरावानं विंगेकडे पाहिलं. सदा दोर खुंटीला बांधून उभा होता, नेहमीसारखा त्याच्या हाताकडे बघत. साहेबरावानं एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

सदा आला, त्यानं काखेत हात घातले, आणि सावकाश उचललं.